नगररोधाचा खेळ आणि आतले लोक

अंकात प्रत्यक्ष दाखवू नयेत अशा ज्या घटना भरताने नाट्यशास्त्रात सांगितल्या आहेत, त्यांत युद्ध, राज्यभ्रंश आणि मरण यांच्या पंक्तीला नगररोधही बसवलेला आहे. या घटना प्रेक्षकांपर्यंत पोचवायच्या त्या प्रवेशकाच्या द्वारे. या निषेधाची कारणमीमांसा बहुधा दोन अंगांनी केली जाते: रंगमंचाच्या मर्यादा हे एक अंग, अमंगळ टाळण्याचा संकेत हे दुसरे. दोन्ही कारणे आपापल्या जागी बरोबर आहेत. तथापि प्रवेशकाचे आणखी एक लक्षण आहे आणि नगररोधाच्या संदर्भात त्याच्याजवळ थोडे थांबणे आवश्यक आहे. प्रवेशकात बोलतात ती नीच पात्रे, म्हणजे दास, दासी, सेवक. आणि त्यांची भाषा प्राकृत. ज्या घटनेची आखणी राजा, अमात्य आणि सेनापती करतात ती घटना प्रेक्षकांच्या कानी पडते ती त्या आखणीत ज्यांचा कसलाही वाटा नव्हता अशांच्या तोंडून. भरताला हे अभिप्रेत होते असे सिद्ध करता येणार नाही; संकेतांच्या सोयीतून ते आपोआप घडले असेल. परंतु आपोआप घडलेल्या गोष्टीनेही एक प्रश्न मागे ठेवला आहे. वेढ्याची कल्पना करायची ती कोठे उभे राहून? तटाबाहेरच्या टेकडीवरून की तटाच्या आतून?

हा प्रश्न केवळ संस्कृत नाटकापुरता राहिलेला नाही. चार-पाच मित्रांनी एकत्र बसून, रंगमंच नाही, प्रेक्षक नाही, लिखित संहिता नाही अशा स्थितीत एका तटबंद नगराच्या वेढ्याची योजना आखायची, हा आज जगभर रूढ झालेला खेळ आहे. त्याचे छापील रूप १९७४ साली अमेरिकेत ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या नावाने गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी प्रसिद्ध केले. प्रत्येक खेळाडू एका कल्पित व्यक्तीची भूमिका घेतो; एक जण सूत्रधार होतो आणि भोवतालचे जग, शत्रू, हवामान, योगायोग हे सारे त्याच्या वाणीतून अस्तित्वात येते. नगराला तट आहे असे कोणीतरी म्हणेपर्यंत तट नसतो. या खेळाचे मूळ मध्ययुगीन लढायांच्या पटावरील खेळांत, आणि त्यांचेही मूळ प्रशियात राइसवित्झ पितापुत्रांनी घडवलेल्या व १८२४ साली पुस्तकरूपाने आलेल्या युद्धखेळात सापडते. त्या खेळात सूत्रधाराच्या जागी पंच होता आणि खेळणारे खरोखरीचे सैनिकी अधिकारी होते. ज्या साधनाने अधिकाऱ्यांना युद्ध शिकवले गेले ते दीडशे वर्षांनी करमणुकीचे साधन झाले, यात आश्चर्य नाही. उलट दिशेचा प्रवासही इतिहासात झालेला आहे.

अशा एखाद्या संध्याकाळी काय बोलले जाते? नगराला पाणी कोठून येते, कोठारात किती महिन्यांचे धान्य आहे, वेशीवरचा पहारेकरी फितवता येईल का, सुरुंग कोणत्या बुरुजाखाली न्यावा, शिड्या किती हात उंच कराव्यात, पाऊस सुरू होण्याआधी काम उरकेल का. एकाने सुचवायचे, दुसऱ्याने खोडायचे, तिसऱ्याने त्यातून नवीनच वाट काढायची. बुद्धीला, स्मरणशक्तीला आणि मैत्रीला एकाच वेळी काम देणारा हा आनंद आहे आणि तो खोटा नाही. प्रश्न एवढाच आहे की हा आनंद ज्या गोष्टीवर उभा आहे तिचे दुसरे नाव उपासमार असे आहे. वेढा हे मुळात भुकेचे शस्त्र होय. रणांगणावर सैनिक सैनिकाला भिडतो. वेढ्यात मात्र शस्त्र आधी पोचते ते म्हातारी माणसे, बाळंतिणी आणि मुले यांच्यापाशी, आणि तटावरच्या शिपायापर्यंत सर्वांत शेवटी. तेव्हा ही योजना खेळ म्हणून आखणे नैतिकदृष्ट्या निर्दोष आहे काय?

मराठी वाचकाला हा खेळ परका वाटण्याचे कारण नाही. पुस्तकात शिरण्याच्या कितीतरी आधीपासून तो अंगणात होता. रायगड जिल्ह्यातील रोह्याला लागून असलेल्या वरसे या गावासारख्या ठिकाणी तर त्याला खऱ्या गडांची पार्श्वभूमी आहे. रोह्याच्या उत्तरेला अवचितगड. परिसरात सुरगड, घोसाळगड, थोड्या अंतरावर तळगड. भातकापणीच्या दिवसांत येणाऱ्या दिवाळीला मुले दगड, विटांचे तुकडे, गोणपाट आणि तांबडी माती यांचा किल्ला रचतात, त्यावर हळीव किंवा मोहरी पेरतात आणि बाजारातून मातीची चित्रे आणून मांडतात. मांडताना जे बोलणे चालते तो जवळजवळ संपूर्ण वेढ्याचा खल असतो. गनीम कोणत्या अंगाने येईल, चोरवाट कोठे ठेवायची, तोफ कोणत्या बुरुजावर शोभेल यापेक्षा कोठे कामी येईल. भूमिकाही वाटल्या जातात. गनीम व्हायला कोणी सहजासहजी तयार होत नाही, म्हणून ते काम बहुधा वयाने सर्वांत लहान असलेल्याकडे किंवा पाहुणा म्हणून आलेल्या मामेभावाकडे जाते. (भूमिकांच्या वाटपात सत्ता असते हे सिद्धान्त म्हणून वाचण्याआधी कित्येकांनी ते असे अनुभवलेले असते.)

निर्दोषतेच्या बाजूने दिले जाणारे पहिले उत्तर सर्वपरिचित आहे: खेळ तो खेळच. या उत्तराला चांगला सैद्धान्तिक आधार आहे. ग्रेगरी बेटसनने १९५५ साली खेळ आणि कल्पित यांच्याविषयी मांडलेल्या उपपत्तीचा गाभाच असा की खेळताना घेतलेला लटका चावा खऱ्या चाव्याचा निर्देश करतो, पण खरा चावा ज्याचा निर्देश करील त्याचा मात्र तो निर्देश करीत नाही. खेळाभोवती ‘हे खेळणे आहे’ अशी एक न बोललेली चौकट असते आणि तिच्या आत कृतींचे अर्थ बदलतात. कल्पित नगरात कोणीही उपाशी मरत नाही, कारण तेथे कोणी नाहीच. हे मान्य केल्याशिवाय पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. कल्पित हिंसेला खऱ्या हिंसेच्या तराजूत टाकणारी टीका शेवटी महाकाव्यांवर, शोकात्मिकांवर आणि पोवाड्यांवरही बंदी मागू लागते. त्या टीकेशी येथे काही कर्तव्य नाही.

पण चौकटीच्या या उत्तराने प्रश्न संपत नाही, कारण प्रश्न कल्पित लोकांना काय होते हा नसून कल्पना करणाऱ्याला काय दिसते आणि काय दिसत नाही, हा आहे. या दृष्टीने विशाखदत्ताच्या ‘मुद्राराक्षस’ नाटकाचा दुसरा अंक पुन्हा वाचण्याजोगा आहे. गारुड्याच्या वेषात आलेला विराधगुप्त अमात्य राक्षसाला कुसुमपुराच्या वेढ्याची हकीकत सांगू लागतो. शक, यवन, किरात, काम्बोज अशा सैन्यांनी नगराला चहूबाजूंनी वेढले, एवढे ऐकताच राक्षसाचा तोल जातो. तो शस्त्र उपसतो आणि हुकूम सोडू लागतो: तटावर धनुर्धर चढवा, दारांशी हत्ती उभे करा, मरणाची भीती नसलेल्यांनी माझ्याबरोबर बाहेर पडावे. विराधगुप्ताला त्याला सांगावे लागते की हे घडून गेलेले आहे, येथे केवळ सांगितले जात आहे. राक्षस भानावर येतो, खिन्न होतो.

हा प्रसंग बहुधा राक्षसाच्या स्वामिभक्तीचे उदाहरण म्हणून वाचला जातो. तो कल्पित वेढ्याच्या आखणीचेही उदाहरण आहे. कदाचित भारतीय नाट्यवाङ्मयातील सर्वांत सूक्ष्म उदाहरण. राक्षसाच्या क्षणभराच्या खेळात काय काय आहे ते पाहावे: तट आहे, दारे आहेत, हत्ती आहेत, बाण आहेत, शूर पुरुष आहेत. नागरिक नाहीत. ते येतात विराधगुप्ताच्या पुढच्या वाक्यात. कित्येक दिवस चाललेल्या वेढ्याची पौरजनांवर आलेली घोर यातना पाहवेना, म्हणून सर्वार्थसिद्धी हा नंदवंशाचा राजा भुयारातून बाहेर पडून तपोवनात निघून गेला, असे तो सांगतो. राक्षस हा दुष्ट माणूस नव्हे. मित्राच्या प्राणांसाठी तो शेवटी स्वतःला शत्रूच्या स्वाधीन करतो. तरीही वेढ्याची कल्पना करताना त्याला नगर दिसते ते तटासारखे, घरांसारखे नाही. दोष त्याच्या हृदयात नाही. तो त्याने त्या क्षणी घेतलेल्या स्थानात आहे. आखणी करणाऱ्याचे स्थान असेच असते.

युरोपीय कादंबरीत या स्थानाचा सर्वांत प्रेमळ आणि म्हणूनच सर्वांत अस्वस्थ करणारा अभ्यास लॉरेन्स स्टर्नने केला. १७५९ ते १७६७ या काळात खंडशः प्रसिद्ध झालेल्या ‘ट्रिस्ट्रम शँडी’तील टोबीकाका १६९५ च्या नामूरच्या वेढ्यात जांघेत जखमी होऊन घरी आलेले सैनिक आहेत. जखम कोठे आणि कशी झाली हे लोकांना नीट सांगता येत नाही, म्हणून ते नकाशा घेतात. नकाशा टेबलावर मावत नाही, म्हणून त्यांचा सेवक ट्रिम खेड्यातल्या हिरवळीवर प्रत्यक्ष तटबंदी खोदण्याची कल्पना मांडतो. तिथून पुढे वर्षानुवर्षे हे दोघे वृत्तपत्रांत येणाऱ्या बातम्यांच्या बरहुकूम मार्लबरोच्या मोहिमांतील एकेक वेढा त्या हिरवळीवर चढवीत आणि उठवीत राहतात. धनी आणि चाकर मिळून, एकाने सुचवावे आणि दुसऱ्याने भर घालावी अशा रीतीने चाललेला हा खेळ सहकाराचा आहे, हे ध्यानात घेतले पाहिजे. स्वतःच्या वेदनेला शब्द मिळेनात म्हणून तो सुरू झाला, हेही विसरता येत नाही.

या खेळासाठी टोबीकाका लाकडाचे एक गाव करवून घेतात. गाव एकच, पण प्रत्येक मोहिमेत ते वेगळे होते. कधी लांडेन, कधी ओस्टेंड, कधी मेनीन, कधी डेंडरमाँड. घरे तीच, दारे तीच, नावे बदललेली. ज्या गावाला कोणतेही नाव चालते त्या गावात कोणी राहत नसते, हे स्टर्न कोठेही बोलून दाखवीत नाही. गावात एक चर्चही बसवले जाते. ट्रिमला त्याच्या मनोऱ्यात घंटा हव्या असतात, तर टोबीकाकांना वाटते की तो धातू तोफा ओतण्याच्या कामी आलेला बरा. एवढ्याशा मतभेदात सगळी मीमांसा सामावली आहे. घंटा असती तर गावात कोणीतरी ती वाजवणारे आणि ऐकणारे असते.

आणि मग खेळाची चौकट फुटते, तीही कोणाच्या ध्यानीमनी नसताना. तोफांना शिसे कमी पडते, म्हणून ट्रिम घरातल्या मुलाच्या खोलीतील खिडकीची वजने काढून नेतो. खिडकी धाडकन खाली येते आणि पाच वर्षांच्या ट्रिस्ट्रमला इजा होते. कादंबरीत हा प्रसंग विनोदाचा आहे आणि तो विनोद म्हणूनच वाचायला हवा. परंतु हिरवळीवरच्या निर्मनुष्य गावासाठी लागणारे शिसे राहत्या घराच्या खिडकीतून आले आणि आत एक मूल होते, ही रचना योगायोगाची म्हणता येणार नाही. टोबीकाका माशीलाही न दुखवणारे गृहस्थ. १७१३ चा युट्रेक्टचा तह झाल्यावर वेढे संपले म्हणून ते हळहळतात आणि या हळहळीबद्दल भावाने टोचले असता स्वतःच्या समर्थनार्थ जे बोलतात त्यात शाळकरी वयात वाचलेल्या ट्रॉयच्या वेढ्याची आठवण काढतात. हेक्टरचे प्रेत मागायला आलेल्या म्हाताऱ्या प्रियामासाठी त्या दिवशी आपल्याला जेवण गेले नव्हते, असे ते सांगतात. म्हणजे आतल्या माणसाचे दुःख त्यांना ठाऊक होते. होमरने ते दिले होते. हिरवळीवरच्या गावात मात्र त्यांनी प्रियामासाठी एकही घर ठेवले नाही. जे वाचनात मिळाले ते खेळात का उतरले नाही? या प्रश्नाचे उत्तर टोबीकाकांच्या स्वभावात शोधणे व्यर्थ आहे. ते आखणीच्या भाषेत शोधावे लागते.

आखणीच्या या भाषेचा प्राचीन आणि निःसंकोच नमुना म्हणजे कौटिलीय अर्थशास्त्राचे तेरावे अधिकरण. दुर्ग हाती येण्याचे पाच उपाय तेथे सांगितले आहेत: उपजाप म्हणजे फितुरी, अपसर्प म्हणजे हेर, वामन म्हणजे शत्रूला बाहेर ओढणे, पर्युपासन म्हणजे वेढा आणि अवमर्द म्हणजे प्रत्यक्ष हल्ला. या अधिकरणाच्या आरंभीचा मोठा भाग नाटकाचाच आहे असे म्हटले तरी चालेल. हेरांनी तपस्वी व्हावे, शेकडो वर्षांचे आयुष्य लाभल्याची बतावणी करावी, देवतेच्या वाणीने बोलावे, राजा सर्वज्ञ असल्याचा आभास निर्माण करावा. खेळाने वेढ्याची नक्कल केली हे अर्धेच सत्य झाले. वेढ्यानेही पहिल्यापासून भूमिकांच्या खेळावर उपजीविका केलेली आहे. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात तर वेढा घालून बसलेल्या राजाने शत्रूचा चारा, अन्न, पाणी आणि सरपण सतत नासवीत राहावे, तळी फोडावीत असे सरळ सांगितले आहे. क्रियापदे सगळी राजाची. ज्यांच्या तोंडचे पाणी जाते ते वाक्यात कोठेच नाहीत.

कौटिल्याविषयी मात्र घाई करू नये. पराक्रमाने काम होण्यासारखे असेल तर आग लावू नये, असे तोच बजावतो, कारण आग बेभरवशाची असते आणि माणसे, धान्य, गुरे यांचा नाश करते. सर्वस्व जळालेला दुर्ग मिळूनही तोटाच. शरण आलेले, शस्त्र टाकलेले, भयाने विद्रूप झालेले आणि मुळात लढतच नसलेले यांना अभय द्यावे, हेही तेथेच आहे. यातला किती भाग करुणेचा आणि किती हिशेबाचा, हा वाद निष्फळ आहे. महत्त्वाचे हे की आखणीच्या आतच आतल्या लोकांसाठी एक जागा सोडलेली आहे. बाराव्या शतकातील ज्यू तत्त्वचिंतक मायमोनिडीज याने युद्धाचे नियम सांगताना हीच गोष्ट नकाशावर दाखवली: नगराला तीन बाजूंनीच वेढावे, चौथी बाजू पळून जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी मोकळी ठेवावी. मायकेल वॉल्झरने १९७७ च्या आपल्या युद्धनीतीवरील ग्रंथात या नियमाची चर्चा केली आहे आणि त्याची अडचणही नोंदवली आहे: तीनच बाजूंनी वेढलेले नगर हे वेढलेले नगर नव्हेच. नियम पाळला तर वेढा राहत नाही, वेढा ठेवला तर नियम राहत नाही. व्यवहारात हा पेच सुटणे कठीण. खेळात त्याचे काय होते, हे पुढे पाहायचे आहे.

तत्पूर्वी मराठी स्मृतीविषयी एक मुद्दा. या स्मृतीने वेढे बहुतांशी आतून जपले आहेत. १५९५–९६ मधील अहमदनगरच्या वेढ्यातील चांदबिबी, १६६० चा पन्हाळा, १६८९ चा रायगड, त्यानंतरची जिंजी. पन्हाळ्याच्या प्रसंगात तर परंपरेने भूमिकेच्या खेळाचे सर्वांत निर्वाणीचे रूप सांभाळले आहे: शिवा काशीद या न्हाव्याने शिवाजी महाराजांचे सोंग घेतले, सोंग उघडे पडले आणि तो मारला गेला. बेटसनची चौकट तेथे लागू पडत नाही. सोंगातला चावा खरा चावाच ठरला. दिवाळीच्या अंगणात सर्वांना महाराज व्हायचे असते. शिवा काशीद व्हायला निघालेल्या मुलाला महाराजही व्हावे लागते आणि मरावेही लागते, म्हणून ती भूमिका क्वचितच मागितली जाते. १६८९ च्या रायगडावरचे दृश्य याहून शांत आणि अधिक दारुण आहे. संभाजी महाराजांच्या वधानंतर मोगली फौजेने गड घेरला, राजाराम महाराज एप्रिलमध्ये निसटले, नोव्हेंबरात गड पडला. आत येसूबाई होत्या आणि त्यांचा सात वर्षांचा मुलगा शाहू. मुलगा सुटला १७०७ साली; आई महाराष्ट्रात परतली ती १७१९ साली. वेढा गड घेऊन थांबत नाही, माणसांची तीस वर्षे घेतो. हाच गड १८१८ च्या मे महिन्यात इंग्रजी तोफगोळ्यांनी पेटला तेव्हाही आत पेशव्यांची पत्नी वाराणशीबाई होती.

परंतु मराठ्यांनी वेढे सोसले तसे घातलेही. जंजिऱ्याला ते पुन्हा पुन्हा घातले गेले आणि फसले. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई घेतली. वसईची मराठी आठवण ही सुरुंगांची, तटाला पडलेल्या खिंडाराची आणि अपार मराठी रक्ताची आहे, आणि ते योग्यच आहे. शरणागतीच्या अटींत पोर्तुगीजांना आपल्या कुटुंबांसह मानाने बाहेर पडण्याची मुभा होती, ही गोष्ट मात्र त्या आठवणीत मागच्या रांगेत बसते. आणि त्या तीन महिन्यांत तटाच्या आत पाणी कोण कसे भरत होते, याची तर कल्पनाही फारशी केली गेलेली नाही. जंजिऱ्याच्या आतल्या माणसांविषयी तर मराठी ऐतिहासिक कादंबरीला क्वचितच कुतूहल वाटले. वेढलेल्यांच्या वंशजांना वेढलेल्यांची कल्पना सहज साधते असे समजण्याचे कारण नाही. स्मृती बाजू पाहून काम करते.

आता खेळाकडे परत यायचे. एकट्या लेखकाच्या कल्पित वेढ्यात आतले लोक असतील की नाही हे लेखक ठरवतो. नसतील तर वाचक तक्रार करू शकतो, त्यांना आत घालू शकत नाही. सहकाराने रचलेल्या कल्पितात ही स्थिती बदलते. तेथे नगर कोणा एकाचे नसते. ‘विहिरीत विष टाकू’ असे एकाने म्हटल्यावर ‘त्या विहिरीवर सकाळी कोण येते?’ असे विचारण्याचा अधिकार प्रत्येकाला असतो, आणि विचारताक्षणी तेथे कोणीतरी येऊ लागते, कारण या जगात विचारणे हेच निर्माण करणे आहे. न विचारणे हीदेखील मग कृती ठरते. चौघांनी मिळून एका संध्याकाळी रिकामे नगर उपाशी मारले तर ते नगर रिकामे ठेवण्याचे काम चौघांनीही केलेले असते. कल्पित हिंसेची जबाबदारी नव्हे, कल्पित रिकामेपणाची जबाबदारी. आणि ती खरी असते, कारण ते रिकामेपण खेळाडूंच्या खऱ्या लक्षाचे असते. सूत्रधारावर तिचा भार अधिक. पाच जण तटाबाहेरच्या टेकडीवर बसलेले असताना प्राकृत बोलू शकणारा एकटा तोच असतो.

यावर एक आक्षेप संभवतो आणि तो गंभीर आहे. आतल्या लोकांना खेळात आणणे म्हणजे त्यांना शोभेसाठी आणणेही होऊ शकते. विहिरीवरची म्हातारी, रडणारे मूल, वेशीतून बाहेर पडू पाहणारे कुटुंब ही पात्रे इतकी हाताशी आलेली असतात की त्यांच्याकडून दहा मिनिटांची हळवी तृप्ती मिळवून पुन्हा शिड्यांच्या उंचीकडे वळणे अगदी सोपे आहे. कणवेचा आस्वाद हा क्रौर्याच्या आस्वादाहून फार वेगळा असतोच असे नाही. या आक्षेपाला पूर्ण उत्तर देता येत नाही. एवढेच म्हणता येते की आणलेले पात्र आखणीत काही बदल घडवते की नाही, ही एक कसोटी आहे. सर्वार्थसिद्धीने पौरजनांसाठी अश्रू ढाळले असे विशाखदत्त लिहीत नाही; तो नगर सोडून गेला असे लिहितो आणि त्यामुळे नाटकाचे राजकारणच बदलते. खेळातही विहिरीवरच्या म्हातारीमुळे विहीर सोडून द्यावी लागली, वेढा एक महिना लांबला, कदाचित फसला, तर ती म्हातारी त्या नगरात राहत होती. मायमोनिडीजची चौथी बाजू प्रत्यक्ष युद्धात अशक्यप्राय वाटते. खेळात तिची किंमत फक्त विजयाच्या आनंदात मोजावी लागते. तीही मोजायची नसेल तर चौकटीच्या निर्दोषतेचा युक्तिवाद जरा अधिकच सोयीचा होतो.

या दृष्टीने अंगणातला मातीचा किल्ला नव्याने पाहण्यासारखा आहे. तोंडी चाललेला खल कितीही लढाईचा असला तरी प्रत्यक्ष मांडणीत वेढा घालणारे बहुतेक वेळा नसतातच. बाजारात मावळे मिळतात, गनिमाची चित्रे फारशी मिळत नाहीत. मिळतात ती गवळण, डोक्यावर घागर घेतलेली बाई, भाजीवाली, वाणी, पुजारी, नांगर धरलेला शेतकरी, गाय, क्वचित वाघ. प्रमाणाचा कसलाही विधिनिषेध नसतो. गवळण बुरुजाएवढी उंच असते आणि महाराजांच्या सिंहासनाशेजारी प्लास्टिकची मोटार उभी असते. अवचितगडावर आता टाकी आहेत, बुरूज आहेत, वस्ती नाही. मातीच्या गडावर तट कच्चा असतो आणि वस्ती भरपूर. पाण्याचे टाके तर पहिल्या दिवशीच होते, करवंटी पुरून किंवा वाटी ठेवून, आणि त्यात पाणी टिकत नाही म्हणून दिवसातून चारदा कोणालातरी ते भरावे लागते. आज्ञापत्रातही किल्ला बांधण्याआधी पाणी पाहावे असे सांगितले आहे. मुलांना ते वाचावे लागत नाही.

दिवाळी सरली, तुळशीचे लग्न झाले की किल्ला मोडायचा असतो. पुष्कळ ठिकाणी तो उरलेल्या फटाक्यांनी उडवला जातो; ज्यांनी बांधला त्यांनीच सुरुंग लावायचा, बुरुजाखाली भोक पाडायचे, वात लांब करायची आणि पळायचे. वर्षभरातला हा सर्वांत मोठा आवाज आणि सर्वांत मोठा आनंद असतो, आणि त्यात दया-माया नसते. फक्त त्याआधी चित्रे काढून घेतली जातात. आधी महाराज, मग मावळे, मग गवळण, वाणी, गाय; घागरवालीची घागर अनेकदा मागच्याच वर्षी फुटलेली असते, तरी तिलाही उचलले जाते. वर्तमानपत्रात गुंडाळून ती चपलांच्या खोक्यात घातली जातात आणि खोके माळ्यावर जाते. विचारले तर कारण अगदी साधे सांगितले जाते: चित्रे महाग असतात, पुढच्या वर्षी लागतील.